गळ्यात माळ नसलेला नेम

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"ताई, आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. शेती आहे, दोन म्हशी आहेत. रविवारी मटण, हे माझ्या लग्नाआधीपासून या घरात चालत आलेलं. थोरला मुलगा पुण्याला नोकरीला असतो. काही वर्षांपूर्वी त्यानं मटण, चिकन, अंडी सोडली आणि गेल्या वर्षापासून दूध-तूपही बंद केलं. कुणी बुवा-महाराज नाही, 'जनावराला त्रास नको' एवढंच म्हणतो. तेही आम्ही पचवलं. पण आता घरी आला की म्हणतो, 'आई, सोयाबीनच्या वड्या घालून तांबडा रस्सा कर, पांढराही कर.' गावच्या जत्रेला येताना तर कसला तरी बिनमटणाचा खिमा पाकिटातनं घेऊन आला. यांनी पैपाहुण्यांसमोर सुनावलं, 'एवढं पाणी सुटतंय तोंडाला तर मटणच खा की, ही नाटकं कशाला?' पोरगं ताटावरून उठलं. माझी जाऊ माळकरी आहे. तीही म्हणते, सोडलं तर मनातूनही सोडावं, त्या चवीची आठवणसुद्धा काढू नये. मलाही कळत नाही, मटण नको तर मटणासारखं लागणारं का हवं?

आणखी एक. पुढच्या खेपेला मी त्याच्या रश्शात वाटीभर मटणाचं अळणी पाणी घातलं. त्याला सांगितलं नाही. वाटलं, अंगाला लागेल. दोन वाट्या जास्त प्यायला. हे हसले आणि म्हणाले, 'बघितलंस? जिभेला खरं कळतं.' तेव्हापासून मला झोप लागत नाही. दिवाळीला तो येणार आहे. काय करू?"

ताई,

तुम्ही 'आणखी एक' म्हणून शेवटी जे लिहिलंय, त्याच्यापासूनच सुरुवात करते. तुमच्या मिस्टरांना वाटतं, त्या वाटीभर अळण्यानं मुलाचं पितळ उघडं पडलं. मला त्यातून एवढंच दिसतं की त्याला ती चव आवडते. पण हे त्यानं लपवलंय कधी? तो तर स्वतःच्या तोंडानं सांगतोय की आई, तसाच रस्सा कर. मटण त्यानं आवडत असताना सोडलं. ज्याला मुळात मटणाचा वासच सहन होत नाही, त्यानं ते सोडलं तर त्यात सोडलं काय? तुमच्या मुलाला रस्सा आवडतो, बोकडाचा जीव जाणं आवडत नाही. या दोन गोष्टी तुमच्या घरात आजवर एकाच पातेल्यात शिजत आल्या, म्हणून त्या वेगळ्या असू शकतात हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यानं त्या वेगळ्या केल्या. पानावर नाटक करायचं असतं, तर पुण्यात त्याला बघायला कोण होतं? तिथे गल्लोगल्ली तांबड्या-पांढऱ्याच्या पाट्या आहेत. गुपचूप खाऊन घरी येऊन शाकाहारी म्हणवून घेतलं असतं, तर त्याला ढोंग म्हणता आलं असतं.

आता सांगा, तुमच्या जाऊबाईंच्या आमटीत तुम्ही कधी अळणी पाणी घालाल का? मला खात्री आहे, घालणार नाही. एकत्र घरात माळकऱ्याचं जेवण कसं सांभाळलं जातं ते मी पाहिलंय. रविवारी त्यांच्यासाठी वेगळं पातेलं, वेगळी पळी असते. मटणाची पळी चुकून अख्ख्या मसुरात गेली, तर ती आमटी त्यांच्या पानात वाढत नाहीत. कुणी कुरकुरत नाही. श्रावण पाळणाऱ्याला, गुरुवार करणाऱ्याला, संकष्टी धरणाऱ्याला आपण असंच सांभाळतो, कारण त्यांच्या नेमामागे देव उभा आहे हे सगळ्यांना दिसतं. तुमच्या मुलाच्या गळ्यात माळ नाही. त्याच्या नेमामागे पंढरी नाही की वार नाही, फक्त त्याचं मन आहे. म्हणून तो नेम घरात कुणाला नेम वाटत नाही, लहर वाटते. आणि लहरीत वाटीभर काही मिसळलं तर काय बिघडलं, असं आपल्यातल्या कुणालाही वाटू शकतं. ताई, हीच गाठ आधी सोडवायला हवी. सोयाबीनचं नंतर बघू.

जाऊबाईंचं म्हणणं मात्र मला हलकं वाटत नाही. त्याला फार जुना आधार आहे. जैन परंपरेत यशोधर राजाची कथा आहे. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी ती संस्कृतात विस्तारानं सांगितली. राजाला अशुभ स्वप्न पडतं. आई म्हणते, देवीला बळी दे. राजा जिवंत प्राणी मारायला तयार होत नाही, म्हणून पिठाचा कोंबडा करतात आणि राजा त्याच्यावर शस्त्र चालवतो. तेवढ्या कृत्यापायी मायलेकांना पुढे कित्येक जन्म पशूंच्या योनीत काढावे लागतात. हात पिठावर चालला, पण मनात मारण्याचा संकल्प होता, असा त्या कथेचा रोख. जाऊबाई हेच सांगताहेत: मनात काय आहे ते महत्त्वाचं.

मग मनातलंच बघू या. राजानं पिठाचा कोंबडा बनवला तो मारण्यासाठी. तुमचा मुलगा सोयाबीनची वडी मागतो, ती काही मरू नये म्हणून. भाव अगदी उलटा आहे. त्याच पिठाच्या पशूनं दुसरीकडे खरेखुरे जीव वाचवलेत. चीनमध्ये लियांग घराण्यातला वू हा बौद्ध सम्राट होता, त्यानं इ.स. ५१७ मध्ये राजघराण्याच्या पूजेतले पशू बंद करून पिठाचे पशू ठेवायला लावले. आपल्या शेजारी कर्नाटकात तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी यज्ञात जिवंत पशूऐवजी पिठाचा पशू घ्यावा असा आग्रह धरला. आणि नवरात्रात बळी म्हणून कोहळा कापणारी घरं तर तुमच्याही ओळखीत असतील. परंपरा मोडायची नाही आणि जीवही घ्यायचा नाही, अशी अडचण ज्याच्या समोर आली त्यानं हाच मार्ग काढलेला दिसतो. तुमच्या मुलासमोरही तीच अडचण आहे. त्याची पूजा म्हणजे तुमच्या घरचं रविवारचं जेवण, एवढाच फरक.

जाऊबाईंचा नेम वेगळ्या जातीचा आहे, हेही त्यांना सांगा. माळ घातली की जिभेवर ताबा हा नेमाचाच भाग होतो. चव जिंकायची असते. मुलानं चव जिंकायचा नेम घेतलेलाच नाही. त्याच्या नेमाच्या मापानं जाऊबाईंना मोजू नये आणि त्यांच्या मापानं त्याला मोजू नये.

आता तुमचा मुख्य प्रश्न: मटण नको तर मटणासारखं का हवं?

तुम्ही कोल्हापूरच्या सुगरण, तुम्हाला मी काय सांगावं, पण तांबड्या रश्शातली चव कुठून येते ते एकदा शांतपणे आठवा. सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजलेलं, तीळ, खसखस, आलं-लसूण-कोथिंबीर, दगडफूल, चक्रीफूल, वर्षाचा करून ठेवलेला कांदा-लसूण मसाला, आणि त्याच्यावर आलेला तवंग. यातलं काय जनावराचं आहे? पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध, काजू, खसखस, अख्खा गरम मसाला. यातलं तरी काय? दोन्हीकडे जनावराचा वाटा म्हणजे अळणी पाणी आणि फोडी. वाटा मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण बाकीचं सगळं, म्हणजे ज्याला तुमचा मुलगा 'घरची चव' म्हणतो ते, तुमच्या हातचं आहे आणि झाडाझुडपांचं आहे. ते तो का सोडेल? ज्या चवीवर तो वाढला तिच्यात रविवार आहे, जत्रा आहे, वडिलांच्या शेजारी मांडी घालून बसणं आहे. त्यानं वरण-भात मागितला असता तर तुम्हाला कमी त्रास झाला असता, पण मग तो जत्रेच्या पंगतीत बाजूला बसून वरण-भात जेवला असता. त्याला बाजूला बसायचं नाही.

आपल्याकडच्या स्वयंपाकानं हे पूर्वीपासून ओळखलंय. जुन्नर-आंबेगावकडची मासवडी बघा: बेसनाच्या जाड थरात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून माशासारखा आकार द्यायचा, कापून वड्या पाडायच्या आणि झणझणीत काळ्या रश्शाबरोबर खायच्या. नागपूरकडे पाटवडीचा रस्सा असतो, तोही मटणाच्या रश्शाइतकाच जहाल. कोकणात सुरणाचे काप तांदळाचं पीठ-रवा लावून माशाच्या तुकडीसारखे तळतात. गोव्यात श्रावणात मासे-मटण बंद असतं आणि नेमकी तेव्हाच रानात अळमी, म्हणजे रानअळंबी, येतात. त्यांची शाकुती करतात, कोंबडीच्या शाकुतीचंच वाटण लावून. यातल्या कुठल्याही बाईला कुणी विचारलं नाही की एवढी आठवण येते तर कोंबडीच का खात नाहीस. श्रावण आहे, एवढं उत्तर पुरलं. मुलाचा श्रावण बारमाही आहे.

जन्मापासून शाकाहारी असलेल्या घरांची गोष्ट मात्र निराळी. तिथे अनेकांना हे पदार्थ आवडत नाहीत. चावताना दाताला रेषा-रेषा लागल्या की पोटात ढवळतं, आणि ते खोटं नसतं. ज्याची चव कधी घेतलीच नाही तिची ओढ कशी असेल? त्यांच्यात कुणी सोयाबीन खातं ते प्रथिनांसाठी, व्यायामशाळेत जाणारी मुलं विशेषकरून. कुणी मित्रांच्या शेगडीभोवती आपल्यालाही सळईवर काहीतरी भाजता यावं म्हणून सोया चाप घेऊन जातं. दूधही सोडलेले, ज्यांना हल्ली वीगन म्हणतात, त्यांच्यातलेही पुष्कळ लोक डाळी-उसळींवर खूश असतात आणि नकली मांसाकडे फिरकत नाहीत. तेव्हा 'हे लोक असं का खातात' याला एकच उत्तर नाही. तुमच्या मुलाचं उत्तर, माझ्या मते, वर दिलं ते.

पाकिटातला खिमा कुणासाठी बनतो हे तुमच्या मिस्टरांना सांगितलंत तर त्यांना नवल वाटेल. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्राऊन यांनी २०११ मध्ये अमेरिकेत अशी एक कंपनी काढली. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखाच एक पदार्थ असतो, तो यीस्टच्या साहाय्यानं तयार करून त्यांनी वनस्पतींच्या खिम्यात घातला, आणि त्याला भाजताना मांसासारखा रंग-वास यायला लागला. त्यांचा डोळा शाकाहाऱ्यांवर नव्हताच, रोज मांस खाणाऱ्यांवर होता. तिकडे असे पदार्थ विकत घेणारे बहुतेक जण मांसही खाणारेच आहेत. आपल्याकडे रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी आधी स्वतः मांसाहार सोडला आणि २०२१ मध्ये वनस्पतींपासून खिमा-कबाब करणारी कंपनी काढली. म्हणजे हे पदार्थ मांसाचा स्वयंपाक आवडणाऱ्यांसाठीच बनताहेत, आणि खाणारेही बव्हंशी तेच.

मिस्टरांचं एक म्हणणं मला पटतं, जरी त्यांनी ते या शब्दांत सांगितलं नसलं तरी. पाकिटातला माल महाग आहे, त्यात मीठ भरपूर असतं, आणि कारखान्यात बऱ्याच प्रक्रिया होऊन येतो. तो जत्रेपुरता ठीक आहे, आठवड्याला नको. त्याऐवजी किराणा दुकानात मिळते ती साधी सोयाबीनची वडी घ्या. सोयाबीनचं तेल काढून घेतल्यावर जे पीठ उरतं, ते पाणी घालून उष्णतेनं आणि दाबानं यंत्राच्या बारीक तोंडातून बाहेर काढतात. त्या रेट्यात प्रथिनांचे धागे एका दिशेला लागतात आणि वडीला मांसासारखा पोत येतो. कोरड्या वडीत वजनाच्या निम्मी प्रथिनं असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमचा मुलगा ६५ किलोचा असेल तर ५४ ग्रॅम धरा. ५० ग्रॅम कोरड्या वडीत त्यातली निम्मी भागतात. 'अंगाला लागेल' म्हणून तुम्ही जे घातलंत, त्यापेक्षा हे कितीतरी जास्त अंगाला लागेल. वाटीभर अळण्यात तेवढं नसतं. फणसाचं उलट आहे. पोत मटणाच्या सगळ्यात जवळचा, पण प्रथिनं नावापुरती, आणि दिवाळीत कोवळा फणस मिळणारही नाही.

वडीला वास येतो अशी तुमची तक्रार असणारच. मीठ घातलेल्या पाण्यात उकळा, गार पाण्यात काढा, दोन्ही तळव्यांत दाबून पार पिळा. पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळा. बहुतेक लोक इथेच घाई करतात. मग आलं-लसूण, हळद, मीठ, तिखट चोळून तासभर ठेवा, तेलावर कडा लाल होईपर्यंत परता आणि त्यानंतरच रश्शात सोडा. कोरडी टाकली तर वडी रस्सा शोषून फोफशी होते. अळण्याच्या जागी तांबड्याला अख्खा मसूर शिजवलेलं पाणी घ्या आणि मूठभर अळंबी काळपट भाजून वाटणात घाला. पांढऱ्याला हरभऱ्याच्या डाळीचा पातळ कट चालतो, तो आपण पुरणाच्या वेळी काढतोच. फोडणीत तूप नको, एवढं लक्षात असू द्या. बाहेरून काही आणलंत तर नुसता हिरवा ठिपका पाहून थांबू नका, कारण दूध, मलई असलेल्या पदार्थावरही तो असतो. तयार मसालेदार सोया चापमध्येही मलई असू शकते.

दुधाबद्दल तुमच्या घरात सगळ्यात जास्त दुखलं असणार. कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीची धार थेट ग्लासात घेऊन पिणाऱ्यांच्या जिल्ह्यात पोरगं दूध नको म्हणतं! पण तुमच्या गोठ्यात म्हशी आहेत. टोणगा झाला की त्याचं पुढे काय होतं, हे तुम्हाला पुण्यातल्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक आहे. तो लहानपणी गोठ्यात वावरलाय, त्यानंही पाहिलं असेल. वाद घालू नका, एवढंच म्हणेन. मात्र एक गोष्ट आईच्या अधिकारानं विचारा: ब-१२ ची गोळी घेतोस का? हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. शाकाहारी लोक ते दूध-दह्यातून घेतात, यानं तेही बंद केलंय. हात-पायांना मुंग्या, सततचा थकवा अशी लक्षणं दिसेपर्यंत थांबू नये. रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी सुरू करायला सांगा. तुमची काळजी तिथे खर्ची घाला.

मुलालाही माझा एक निरोप आहे, पटला तर पोचवा. जत्रेच्या पंगतीत दुसऱ्याच्या ताटाकडे बघून प्रवचन करू नये. आणि घरी आल्यावर वडी पिळण्यापासून वाटण वाटण्यापर्यंत आईबरोबर चुलीपाशी उभं राहावं. दोन-दोन रस्से एकट्या बाईनं करणं सोपं नाही.

आता अळण्याचं. त्याला सांगा, ताई. पुन्हा कधी घालणार नाही असं तुम्ही मनात ठरवलंच असेल, पण तेवढ्यानं तुमची झोप परत येणार नाही. शिवाय घरात ही गोष्ट तुमच्या मिस्टरांनाही माहीत आहे. आज ना उद्या एखाद्या भांडणात ती त्यांच्या तोंडून बाहेर पडेल, आणि ती त्याला टोमण्यातून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेली बरी. फोनवर नको. दिवाळीला येईल तेव्हा, पहिल्या जेवणाच्या आधी, दोघंच असताना सांगा. 'तुझ्या अंगाला लागेल म्हणून घातलं' हे खरं आहे, ते सांगायला हरकत नाही, पण ते शेवटी. आधी 'मी घातलं, तुला सांगितलं नाही, ते चुकलं' एवढं सरळ म्हणा. तो चिडेल. कदाचित त्या दिवशी तुमच्या हातचं जेवणारही नाही, बाहेर जाऊन काही खाऊन येईल. जाऊ द्या. त्याला अडवू नका, रडू नका, वडिलांना मध्ये बोलू देऊ नका. माळकऱ्याला असं कळलं असतं तर त्यानं जे केलं असतं तेच तो करतोय, असं समजा.

आणि मिस्टरांशी तो यायच्या आधी बोला. त्यांना सोयाबीन आवडलं पाहिजे असं काही नाही, त्यांनी त्यांचं मटण खावं. त्यांच्याकडून एवढंच हवंय की जाऊबाईंच्या पातेल्याला घरात जी सोय आहे ती मुलाच्या पातेल्यालाही मिळावी. तिसरं पातेलं, तिसरी पळी. जाऊबाईंच्या रश्शात वडी चालत असेल तर दोनच पातेल्यांत भागेल. त्यांना विचारून बघा.